भिंतीपलीकडची मालू

आमच्या लीड्सच्या घरी बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने एकदा मला विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "कादंबऱ्या लिहिते. मराठीत." त्याने पाना बाजूला ठेवला, माझ्याकडे जरा आदराने बघितलं आणि म्हणाला, "छान, छान. आणि काम?"

तेव्हा मला असा संताप आला होता म्हणून सांगू! चहासुद्धा पातळच दिला मी त्याला. पण त्याचं तरी काय चुकलं? नवऱ्याच्या डॉक्टरीच्या पगारावर, गरम घरात, खिडकीशी बसून जी बाई काहीतरी खरडते, ती काम करते असं आमच्या साताऱ्यातही कुणी म्हणालं नसतं. सासूबाई तर फोनवर विचारायच्या, "लिहून झालं का? मग आता काय करतेस?"

तर काम काय असतं ते सांगते. कागदावरच्या माणसाला राहायला घर द्यावं लागतं. घराला दार लागतं, दाराला कडी लागते, आणि ती कडी कुरकुरते की नाही हे आपल्याला माहीत असावं लागतं. हे सगळं हवेतून येत नाही, कुठून तरी उचलावं लागतं. कादंबरीकार हा मुळात उचल्या असतो. त्याच्या घरी जेवायला गेलात तर जपून बोला, एवढंच सांगेन.

माझी पहिली कादंबरी साताऱ्यावर होती. आठवणीतलं होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलं आणि दुसऱ्या कादंबरीला बसले, तर डबा रिकामा. पुण्याचे माझे प्रकाशक फोनवर म्हणाले, "अहो, तिकडचं लिहा ना! बर्फ, एकटेपणा, परदेशातली आपली माणसं. खपेल बघा." पडत्या फळाची आज्ञा समजून मी बर्फ लिहायला घेतला. एक अख्खा हिवाळा लिहिला. वाचून बघितलं, तर पानापानावर नुसती एक बाई खिडकीतून बघतेय. फाडून टाकलं सगळं.

मग उलटंच झालं. घराजवळ एक जुना कालवा आहे, त्याच्या काठाने मी रोज चालायला जायची. काळं, संथ पाणी. पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, शेवाळाने हिरव्या झालेल्या. एका घराचं दार हळदीसारखं पिवळं. एक दिवस त्या पायऱ्यांवर मला नऊवारीतली एक बाई कपडे धुताना दिसली. दिसली म्हणजे मनात हो! घरी आले आणि लिहायला लागले. गाव झालं कोकणातलं, नाव ठेवलं आंबेखार. नकाशात शोधू नका, नाही ते. लहानपणी दोनदा सहलीला गेले होते, तेवढंच माझं कोकण. पण खाडीला पायऱ्या लीड्सच्या, दार लीड्सचं, धुकंही लीड्सचंच. पुढे एका समीक्षकाने लिहिलं की या लेखनाला कोकणच्या मातीचा अस्सल गंध आहे. मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले. सांगणार कुणाला?

तेव्हापासून आंबेखारवरच लिहीत आले. लीड्समध्ये राहून लीड्सबद्दल मी एक ओळ लिहिलेली नाही, आणि लीड्सशिवायही एक ओळ लिहिलेली नाही.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुने. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत हमखास कुणीतरी कोपऱ्यात घेऊन सांगणार, "माझं आयुष्य म्हणजे एक कादंबरीच आहे, तुम्ही फक्त लिहा." यांच्याच हॉस्पिटलमधले एक सर्जन तर दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हते. माझ्या पुस्तकातला बायकोला छळणारा खोत म्हणजे आपणच, अशी त्यांची खात्री. चोराच्या मनात चांदणं! मी खोत लिहिला तेव्हा या गृहस्थांना ओळखतही नव्हते. पुढे मात्र त्यांच्या बायकोने एकदा हळूच माझा हात दाबला आणि म्हणाली, "बरं केलंत." आता यावर काय बोलायचं?

हे गेले, आणि घर फार मोठं झालं.

यांचं काम भूल द्यायचं. माणसं हलक्या हाताने झोपवायची आणि पुन्हा जागी करायची. स्वतः मात्र कुणाला न सांगता झोपेतच गेले. मुलगा कॅनडातून आला, सगळं केलं, परत गेला. मंडळातल्या मैत्रिणींनी महिनाभर डबे पाठवले. मग त्यांनाही त्यांची घरं होती. मराठी बोलायला समोर माणूस राहिलं नाही. दिवसच्या दिवस माझ्या तोंडून "थँक यू" आणि "सॉरी" यापलीकडे शब्द निघायचा नाही. एकदा देवापुढे निरांजन लावताना मी देवालाच "सॉरी" म्हणाले.

आमच्याकडची घरं एकाला एक चिकटलेली, दोन घरांत मिळून एक भिंत. भिंतीपलीकडे डोरीन राहायची. यॉर्कशरची म्हातारी विधवा, तिकडच्या पद्धतीने सगळ्यांना 'लव्ह' म्हणणारी. इतकी वर्षं शेजारी राहून आमचं बोलणं हवेवर आणि कचऱ्याच्या डब्यांवर. आज हिरवा डबा की काळा, बस्स. हे गेल्यावर थोड्या दिवसांनी ती दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही. म्हणाली, "सकाळी चहाचं पाणी ठेवलं की मी भिंतीवर ठोकेन. तू उलट ठोक, लव्ह. म्हणजे कळेल." काय कळेल ते तिनेही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी टक टक व्हायला लागलं. मी लाटण्याने उत्तर द्यायची. मग दोघी आपापला चहा प्यायचो. या ठोकण्याबद्दल आम्ही रस्त्यात भेटल्यावर कधी एक अक्षर बोललो नाही. मला त्या आवाजाची इतकी सवय झाली की जाग आली तरी मी तो ऐकल्याशिवाय अंथरुणातून उठत नसे.

एका सकाळी आवाज आला नाही. मी ठोकलं. पुन्हा ठोकलं. मग चप्पल न घालता बाहेर धावले.

तिच्या दफनाला मोजकी माणसं होती. मी घरी आले, स्वयंपाकघरात त्या भिंतीला टेकून खाली बसले आणि पोटभर रडले. यांच्यासाठी आलं नव्हतं ते सगळं रडू तेव्हा आलं.

आणि आता लेखकाच्या जातीचा निलाजरेपणा ऐका. महिन्याभरात मी ती भिंत आंबेखारला नेली. भाऊबंदकीत वाटणी झालेलं एक घर, मध्ये नवी भिंत, अलीकडे थोरली जाऊ, पलीकडे धाकटी. धाकटीचं नाव मालू. दोघींमध्ये अबोला. मरेपर्यंत एकमेकींशी बोलत नाहीत. पण रोज सकाळी चूल पेटली की एक भिंतीवर ठोकते आणि दुसरी उलट ठोकते. डोरीनने दिलेला आवळा, मी काढलेला कोहळा.

पुस्तक निम्मं झालं असताना लंडनच्या मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात वाचायला बोलावलं. मी नेमका ठोकण्याचा भाग वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि समोशांकडे वळले. एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई मात्र काठी टेकत सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वाचतेस छान गं. पण तुझी माणसं इतकी गप्प का? आजारी आहेत का?"

ही फ्लोरामावशी. अलिबागकडची बेने इस्रायली, मराठी ज्यू. लग्न करून तरुणपणी इंग्लंडला आली, शाळेत शिकवून निवृत्त झाली, नवरा गेल्यावर लंडनमधल्या स्टॅनमोरला मुलीजवळ राहायला आली. मुलगी नाओमी इथेच जन्मलेली, तिचं मराठी कामापुरतं. तिची मुलं तर इंग्रजच. म्हणजे मावशीही माझ्यासारखीच, तोंडात मराठी घेऊन गप्प बसलेली.

"अबोला आहे त्यांचा," मी म्हटलं.

"असेना! कोकणातली बाई अबोल्यात नुसती ठोकून गप्प बसेल? तोंडाने नाही तर भांड्याने बोलेल. मांजराला शिव्या देईल आणि पलीकडचीला ऐकवेल. आणि अगदी सकाळी सकाळी तर हाक जाईलच तोंडातून, 'उठलीस का गं?' म्हणून. ती काय ठरवून मारतात? तुझ्या बायका मडमांसारख्या वागतात बघ."

मला मिरची झोंबली. कारण म्हातारीने बरोबर नस पकडली होती. मालू ही डोरीनच होती, लुगडं नेसवलेली. परदेशात बसून लिहिणाऱ्याच्या हातून असंच होतं. दारं, पायऱ्या उचलता उचलता माणसांचं गप्प बसणंही तुम्ही उचलून आणता आणि तुम्हाला पत्ता नसतो. माझ्या आधीच्या पुस्तकात खाडीकाठची माणसं होडीसाठी इंग्रजांसारखी रांग लावून उभी होती. एकाही संपादकाला ते खटकलं नाही, मला तर नाहीच नाही.

पण "उठलीस का गं" मी घातलं नाही. ते शांत ठोकणं हे माझं डोरीनशी असलेलं नातं होतं. त्यात शब्द टाकायला मन धजेना. मावशीला मी तसं सांगितलंही. म्हणाली, "तुझं पुस्तक, तुझी भिंत. पण रविवारी फोन कर आणि पुढचं वाचून दाखव." रविवारच, कारण शनिवारी शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी ती फोनला हात लावायची नाही.

मग रविवार हा माझा सण झाला. लिहिलेलं मी फोनवर वाचायची, ती ऐकायची. मध्येच "हां" म्हणायची, मध्येच "हट्! असं कोण बोलतं?" मराठीचं विरजण असतं. रोज थोडं ताजं दूध मिळालं नाही तर आंबून जातं. मला ते दूध स्टॅनमोरहून मिळायचं. वाचून झालं की आम्ही तासभर काहीबाही बोलायचो. तिच्या गावचे नारळ, माझ्या गावची थंडी. ती मला "घाटी" म्हणून चिडवायची. पुस्तक पुरं होऊ दे, मलिदा करीन असा तिने एलियाहू हन्नवीला, त्यांच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, नवस बोलला होता. झालं तेव्हा मला मुद्दाम बोलावून घेतलं. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. तिने प्रार्थना म्हटली, आणि माझ्या कादंबरीसाठी कुणी देवाजवळ काही मागितल्याची ती पहिलीच वेळ.

पुढच्या वर्षभरात मावशीचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग नातवंडांची नावं. मग इंग्रजी. ज्या भाषेत तिने आयुष्यभर मुलांना शिकवलं ती भाषा हातातून वाळू जावी तशी गेली. नाओमी नोकरी करणारी, एकटी. शेवटी मावशीला केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, ठेवावं लागलं. तिथे फोनवर मावशी माझा आवाज ओळखायची, पण बोलता बोलता थांबायची. हळूहळू रविवार बंद झाले.

आणि मग या वसंतात नाओमीचा फोन आला.

"आंटी, मम्मी सकाळी भिंतवर ठोकते. रोज. खूप ठोकते," ती म्हणाली. "मग ऐकत बसते. मग रडते. ब्रेकफास्ट नाही खात. स्टाफ म्हणतात ती डिस्ट्रेस्ड आहे. डॉक्टर औषध वाढवणार आहेत, म्हणजे ती झोपून राहणार. मी विचारलं, मम्मी, काय पाहिजे? ती म्हणाली, मालू उठली नाही."

मी हातातला कप खाली ठेवला.

"मालू कोण आहे, आंटी? मी इस्रायलमध्ये सगळ्या रिलेटिव्हजना विचारलं, ठाण्यात विचारलं. कुणाला माहीत नाही. मम्मी म्हणते, त्यांच्या घराच्या भिंतीच्या त्या साइडला राहायची. पाण्याजवळ पिवळा दार होता. मी या समरला अलिबागला जाणार आहे. मालूची फॅमिली शोधणार."

मी "उद्या येते" एवढंच म्हणून फोन ठेवला.

लेखकाला दुसरं काय हवं असतं हो? आपलं पात्र वाचणाऱ्याच्या मनात घर करून राहावं, हेच ना? मालू मावशीच्या मनात राहायला गेली होती. खरी माणसं बाहेर पडली, नातवंडं बाहेर पडली, आणि माझी बाई आत राहिली. मला एक क्षण अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? आणि मग स्वतःची अशी किळस आली की दिवसभर काही सुचलं नाही. ती पोर सुट्टी काढून, विमानाने जाऊन, कालव्याकाठचं पिवळं दार अलिबागला शोधणार होती.

दुसऱ्या दिवशी ट्रेनने लंडन, तिथून ट्यूबने स्टॅनमोर. नाओमीच्या स्वयंपाकघरात बसून मी सगळं सांगितलं. मालू नाही. कधीच नव्हती. ते दार लीड्सचं, ते पाणी कालव्याचं, ते ठोकणं एका डोरीनचं. मी बनवलं आणि तुझ्या आईला रविवारी रविवारी फोनवर वाचून दाखवलं.

नाओमी सिंककडे तोंड करून कप विसळत राहिली. वळली तेव्हा डोळे भरलेले, पण आवाज कडक. "म्हणजे तुमचा स्टोरी राहिला. तिचा घर, तिची मम्मी, तिचा सगळं गेला, आणि तुमचा राहिला." मग इंग्रजीत म्हणाली, "तर मग तिचं स्वतःचं काय उरलंय?"

मी म्हटलं, "उद्या सकाळी मला तिथे घेऊन चल. औषध वाढवायच्या आधी."

सकाळी आम्ही केअर होमला पोचलो तेव्हा ठोकणं सुरूच होतं. कॉरिडॉरमध्ये ऐकू येत होतं. टक टक. थांबणं. टक टक. मावशीला सांभाळणारी ग्रेस नावाची केअरर होती, फार मायेची बाई. म्हणाली, "आता थोड्या वेळाने रडेल." शेजारच्या खोलीतले आजोबा नाश्त्याला गेले होते. मी ग्रेसला विचारलं, "मी या खोलीत जाऊ का? दोन मिनिटं." तिने नाओमीकडे बघितलं, नाओमीने मान हलवली.

त्या परक्या खोलीत मी भिंतीजवळ गेले. लाटणं नव्हतं. बोटातली अंगठी फिरवून घेतली आणि ठोकलं. टक टक.

पलीकडे एकदम शांत झालं. माझ्या पुस्तकात इथे प्रकरण संपतं. एक ठोकते, दुसरी उत्तर देते, आणि दोघी गप्प आपापल्या चुलीशी बसतात. मी वाट बघत राहिले.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला. खणखणीत, कोकणातल्या ओटीवरून पलीकडच्या ओटीवर जावा तसा.

"उठलीस का गं? किती वेळ झाला हाका मारत्ये! चहा झाला का तुझा?"

मी ओरडले, "उठले गं मावशी! उठले!"

"बरं झालं बाई," पलीकडून आलं. "मला वाटलं, गेलीस की काय."

मी तिथेच आजोबांच्या खुर्चीत बसले. डोरीनने दारात उभं राहून जे सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं, ते भिंतीपलीकडून मावशी सहज बोलून गेली होती. जरा वेळाने दारात नाओमी आली. पलीकडे तिची आई चमच्याने पॉरिज खात होती, ग्रेसला मराठीत काहीतरी सांगत होती.

"हे पण तुमच्या बुकमध्ये आहे?" नाओमीने विचारलं. "ती आता जे बोलली ते?"

"नाही गं," मी म्हटलं. "मी घातलंच नव्हतं. हे तिचं आहे. हेच तिचं आहे."

नाओमी माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मला शिकवा. काय बोलायचं ते." आम्ही तिथेच बसून घोकलं. ग्रेसही येऊन उभी राहिली. तिला "उठले गं" पहिल्याच फटक्यात जमलं, नाओमीला दोनतीनदा म्हणावं लागलं. आता रोज सकाळी ग्रेस नाही तर तिच्या जागी असणारी दुसरी कुणी भिंतीवर उलट ठोकते आणि ओरडते. औषध वाढवावं लागलेलं नाही. अलिबागला नाओमी जाणार आहेच, पण मालूला शोधायला नाही. आई बोलते तसं सगळे बोलतात का, ते ऐकायचंय म्हणाली.

मी लीड्सला परत आले. डोरीनच्या घरात आता कॉलेजची मुलं राहतात, दुपारी उठतात. चांगली आहेत, माझा कचऱ्याचा डबाही बाहेर ठेवतात. त्यांच्या भिंतीवर ठोकण्याचा वेडेपणा मी करत नाही. सकाळी जाग येते, थोडा वेळ तशीच पडून राहते. मग खाली येते, चहाचं आधण ठेवते, आणि त्या भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणते, "उठले गं."